टेलपर्यंत

पहिला दिवस, 16 डिसेंबर 2024: मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा

मूर्तिजापूरला सकाळी गाडीतून उतरले. मुख्य फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि पलीकडे नॅरो गेजच्या बाजूला एक कुत्रं तेवढं उन्हाला झोपलं होतं. शकुंतला इथूनच सुटायची. एक फाटा अचलपूरला, 76 किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, 113 किलोमीटर. रुळांमधलं अंतर अवघं 762 मिलिमीटर. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाईन टाकली. स्वातंत्र्यानंतर बाकी रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र कंपनीच्या मालकीचीच राहिली आणि गाडी चालवायचं काम सरकारकडे. 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आता काही वर्षं झाली गाडीच बंद आहे.

माझी आजी दारव्हा मोतीबागला बसून कारंज्याला माहेरी जायची. गाडी इतकी हळू की पोरं उतरून बोरं तोडायची नि धावत येऊन पुन्हा चढायची, हे ती प्रत्येक वेळी नव्याने सांगायची. ज्यांच्या घरी मोटारसायकल नव्हती, ज्यांना एसटीचं भाडं जड जायचं, त्यांची ही गाडी होती. रुळांवर आता बाभळी वाढल्या आहेत.

कारंज्याच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. एसटीत बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बस बायांनी भरलेली. कोणी दवाखान्यात निघालेली, कोणी लेकीकडे. कारंज्याजवळ समृद्धी महामार्ग दिसला. नागपूरपासून मुंबईपर्यंत 701 किलोमीटर, सहा पदरी, आणि आम्ही गेलो तेव्हा इगतपुरीपर्यंत खुला झालेला. रस्ता खरोखर देखणा आहे. संत्र्याची गाडी रातोरात वाशीच्या बाजारात पोचते, ही लहान गोष्ट नाही, आणि ज्याची बाग आहे त्याला तिचं मोल विचारा. पण या रस्त्यावर दुचाकीला बंदी, ट्रॅक्टरलाही बंदी. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचं शेत महामार्गाच्या पलीकडे गेलं आहे. "बोगद्यातून जा लागते, ताई. पावसाळ्यात बोगद्यात मांडीइतकं पानी. बैल उतरत नाही त्यात." त्यांच्या वावरातून रस्ता दिसतो, रात्री दिव्यांची रांग दिसते. रस्त्यावर पाय ठेवायचा तर इंटरचेंजपर्यंत जायला आधी चारचाकी हवी.

संध्याकाळी गावी पोचले. आमच्या गावाआधी नाला आहे आणि नाल्यावर रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल. नववीत असताना ऑगस्टमध्ये त्याच्यावरून पाणी गेलं आणि माझी चाचणी परीक्षा बुडाली. अलीकडे उभी राहून मी पलीकडची एसटी वळून परत जाताना पाहिली होती. रपटा अजून तोच आहे. दोन्ही बाजूंना तेवढे पांढरे-पिवळे खांब नवे लावले आहेत.

रात्री साडेदहाला चुलतभाऊ टॉर्च आणि काठी घेऊन निघाला. या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची आहे. एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईन येईल तेव्हा उठायचं. मीही मागे गेले. विहिरीवरच्या पेटीत स्टार्टरचा लाल दिवा लागेपर्यंत आम्ही शेकोटीशी बसलो. डिसेंबरचा गारठा, चिखलात अनवाणी पाय, आणि वावराच्या कडेला रोही (नीलगायी) उभे असल्याचा भास. लाईन आली, मोटर घरघरली, स्प्रिंकलर फिरू लागले, आणि वीस मिनिटांत पुन्हा अंधार. डीपीवर भार आला होता. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, ही सगळी वीजकेंद्रं विदर्भात आहेत. एकट्या चंद्रपूरची क्षमता 2,920 मेगावॅट. कोळसा इथला, पाणी इथलं, राख इथली. माझा भाऊ हे काही बोलला नाही. दिवा पुन्हा लागायची वाट पाहत तो रात्री दोनपर्यंत तिथे बसला.

दुसरा दिवस: कळंब, वर्धा, नागपूर

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेला 2008-09 च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली. एकूण 284 किलोमीटर. त्यातला वर्धा ते कळंब हा चाळिसाच्या आतला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. मुद्दाम कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि याच गाडीने वर्ध्याला आले. नवा फलाट, नवी गिट्टी, खिडकीतून पांढरी झालेली कापसाची वावरं. डब्यात एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा आयुष्यात पहिल्यांदा कळंबहून रेल्वेत बसले होते आणि प्रत्येक स्टेशनावर उतरून पाटी वाचून येत होते. मला फार बरं वाटलं. यवतमाळकडच्या बाजूचं काम चालू आहे. तेही होईल.

नागपुरात हिवाळी अधिवेशन आदल्याच दिवशी सुरू झालं होतं. दुभाजक रंगवलेले, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारामुळे हे अधिवेशन इथे होतं. 1984 मध्ये दांडेकर समितीने मागासलेपण आकड्यांत मोजलं, आणि तेव्हापासून 'अनुशेष', म्हणजे विकासातली राहिलेली बाकी, हा शब्द आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. 1994 ला मागे राहिलेल्या भागांसाठी वैधानिक विकास मंडळं आली. 2013 ला केळकर समितीचा अहवाल आला. 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. इतक्यांदा मोजलेला दुसरा प्रदेश महाराष्ट्रात मराठवाडा सोडला तर नसावा. मोजणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही, कारण मोजल्यामुळेच निधी आला. पण हे मोजणं होतं मंजूर झालेल्या कामाचं, खर्च झालेल्या पैशाचं, निर्माण झालेल्या क्षमतेचं. माझे मामा आयुष्यभर वेगळं मोजत आले. उद्या त्यांच्याकडे जायचं होतं.

तिसरा दिवस: पवनी आणि गोसीखुर्द

मामा पाटबंधाऱ्यात मोजणीदार होते. मूळचे आमच्या दारव्ह्याकडचेच, पण नोकरी निघाली या बाजूला आणि घर बांधलं पवनीत. तीस वर्षं झाडीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीत, राहूनही बोलणं वऱ्हाडी. सकाळी सातला त्यांनी मोटारसायकल काढली. "बस मागं. चहा रस्त्यानं घेऊ."

आधी धरण. वैनगंगेवरचं गोसीखुर्द साडेअकरा किलोमीटरच्या जरा आत लांबीचं आहे, 33 दरवाजांचं. 1983 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज होता 372 कोटींचा. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. 2009 ला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढे सुधारित खर्च अठरा हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं असं ठरलं होतं. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेलं पोर आज छत्तिशीचं आहे.

धरणाच्या भिंतीवरून पाणी पाहिलं की छाती भरून येते. समुद्र पाहिल्यासारखं. पण काठाशी पाणी हिरवट आहे आणि जलपर्णीचे तांडे तरंगतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून इथे येतं. एक ढिवर भाऊ जाळं झटकत होते. त्यांनी मला पोटऱ्यांवरचे चट्टे दाखवले. पाण्यात उभं राहून खाज सुटते म्हणाले. ज्यांची गावं या पाण्याखाली गेली त्यांनी पुनर्वसनाच्या गावठाणात घरं बांधली, आणि त्यांच्या पोटच्या धंद्याला शहराची घाण आली. याची कळ त्या भाऊंच्या आवाजात होती, माझ्या लिहिण्यात ती उतरणार नाही.

मग आम्ही कालव्याच्या बाजूने निघालो. मामांनी रस्त्यात सगळं समजावलं. धरणातून मुख्य कालवा. उजवा मुख्य कालवा 99 किलोमीटर, पार सावली तालुक्यातल्या आसोला मेंढ्याच्या जुन्या तलावापर्यंत. मुख्य कालव्यातून शाखा, शाखेतून वितरिका, वितरिकेतून मायनर, मायनरवर विमोचक म्हणजे पाणी सोडायचं दार, आणि विमोचकातून शेतचारी. सुरुवातीला ते 'हेड' आणि शेवटाला 'टेल' असेच शब्द वापरतात. कालव्यावरचे शेतकरीही तेच वापरतात.

"पाय व," एका पुलाशी गाडी थांबवून ते म्हणाले, "हेडले पानी सोडलं का फोटो निघते. टेलले पोचलं का धान निघते. मधात काय होते ते कोनी पायत नाई."

मधे काय होतं ते त्या दिवशी पाहिलं. मुख्य कालव्यात पाणी होतं, शांत, तळ दिसेल इतकं. वितरिकेत निम्मं. मायनरला लागलो तसं अस्तर उखडलेलं दिसू लागलं. भेगांमधून पाणी झिरपून बाजूला लव्हाळं माजलेलं. एका ठिकाणी कोणीतरी काठ फोडून इंजिनाचा पाईप टाकला होता. मामांनी त्या माणसाला दोष दिला नाही. त्याच्या विमोचकाचं दार गंजून बसलं होतं, ते उघडतच नव्हतं, म्हणून त्याने काठ फोडला. पुढच्याने मग गोण्या टाकून पाणी अडवलं. त्याच्या पुढच्याने भांडण केलं. अशी एकेक करत पाण्याची लांबी कमी होत जाते.

नियम तसा चांगला आहे. पाण्याची पाळी द्यायची ती टेलकडून हेडकडे. शेवटच्याचं भिजलं की त्याच्या वरच्याचं दार उघडायचं. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग असावा म्हणून 2005 चा कायदाही आहे, पाणीवापर संस्था आहेत. पण दार उघडायला आणि लावायला माणूस लागतो, रात्री मायनरवरून चालायला माणूस लागतो. मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. त्यांच्यासोबतचे कालवा निरीक्षक गेले, तिथेही कोणी नाही. कालव्यावर इतके कोटी लागले आणि कालवा चालवणाऱ्याच्या पगाराची तजवीज राहून गेली, हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं. बांधकामाला निविदा निघते, उद्घाटन होतं, कोनशिला बसते. दार वेळेवर उघडण्यासाठी असलं काही नसतं.

एका वळणावर पाणी संपलं. म्हणजे खरोखर संपलं: शेवटचं डबकं, त्यात दोन बगळे, आणि पुढे कोरडी चारी. मामांनी गाडी लावली आणि पावलं मोजत चालू लागले. ओठ हलत होते. ही त्यांची जुनी सवय. मी मागे. शेवटच्या विमोचकाशी थांबून त्यांनी खिशातल्या वहीत लिहिलं: 640.

"सहाशे चाळीस पावलं. मागच्या वर्षी चारशे दहा होती."

निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात ते इथे येतात आणि कोरडी पावलं मोजून जातात. वहीत सात वर्षांच्या नोंदी आहेत. कोणाला द्यायच्या म्हणून नाहीत.

टेलच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, धान कापून झालं होतं, आणि धसकटांमध्ये लाखोळी हिरवी दिसत होती. धान उभं असतानाच लाखोळीचं बी फेकायचं, जमिनीतल्या ओलीवर जे येईल ते घ्यायचं. याला इकडे उतेरा म्हणतात. कालव्याच्या वरच्या अंगाला उन्हाळी धानाची तयारी चालली होती. इथे टेलला लाखोळी. धुऱ्यावर शेतकरीदादा भेटले. त्यांनी मामांना ओळखलं, गमछाने धुऱ्यावरची जागा झटकून बसायला दिली.

"पाणी येते का हो दादा इथपर्यंत?"

"येते जी ताई. पावसाळ्यात येते." ते सरळ मनाने म्हणाले. "पावसात सगळेच चारी भरून राहते ना. आमाले लागते तेव्हा नाही येत."

कागदावर ही बांधी लाभक्षेत्रात आहे. अडीच लाख हेक्टरांत ही दीड एकरही धरलेली असणार.

चौथा दिवस: ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली

मामाही सोबत आले. "तू एकटी कायले जातं, मीबी भामरागड पायलं नाई कधी." एसटीने ब्रह्मपुरी, तिथून वैनगंगा ओलांडून वडसा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला झाला, आणि अख्ख्या जिल्ह्यात रेल्वे येते ती एवढ्या वडशालाच. गडचिरोलीपर्यंतच्या लाईनचं काम चालू आहे.

रस्त्यात जिथे तिथे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले. मालगुजारी म्हणजे जुनी जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलताना 'मामा तलाव'. एका तलावाच्या पाळीवर आम्ही डबा खाल्ला. मामांनी तुडूम शोधून दाखवलं: पाळीच्या पोटातलं जुनं दगडी तोंड, भोकात लाकडी खुंटी बसवून जितकं हवं तितकं पाणी सोडायचं. पूर्वी गावाचा पाणकर असायचा. कोणाच्या बांधीत किती पाणी जायचं हे तो ठरवायचा, आणि सुगीला प्रत्येक घरातून त्याला धान मिळायचं. त्याचा पगार पिकात होता, त्यामुळे शेवटच्या बांधीत पीक आलं नाही तर त्याचंही पोट रिकामं. मामा खुंटी हातात धरून बराच वेळ उभे होते. "मोजनीदारच म्हना," एवढंच बोलले.

हा तलावही गाळाने अर्धा भरला आहे. गाळ काढायच्या योजना येतात, काही गावांनी मन लावून केल्याही. जिथे केल्या तिथे विहिरींचं पाणी वर आलं.

वडशात झाडीपट्टी नाटकांची कार्यालयं रांगेने दिसली. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या हंगामात या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. कोणाच्या अनुदानावाचून कित्येक पिढ्या चालत आलेला हा धंदा आहे, शेकडो घरं त्यावर जगतात, आणि त्याला लागतो फक्त रात्री गाडी जाईल असा रस्ता. बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. गडचिरोलीला मुक्काम.

पाचवा दिवस: आष्टी, आलापल्ली, भामरागड

पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. चामोर्शी-आष्टीपर्यंत बरा. या बाजूला कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहत होता, आणि खनिज येतं एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून. ट्रकांची रांग संपता संपत नव्हती. रस्त्याकडेची सागाची पानं लाल धुळीने माखलेली, घरांची कौलंही. ज्या जिल्ह्यात नोकरी म्हणजे तेंदूपत्ता आणि रोजगार हमी, तिथे कारखाना यावा हे मला मनापासून पटतं. पोरं कामाला लागली आहेत, हेही बसमध्ये ऐकलं. पण ट्रक ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याने बाळंतीणही जाते. खड्ड्यांत एसटी अशी आदळत होती की समोरच्या सीटवरची पोटुशी बाई दोन्ही हातांनी बार धरून अर्धवट उभीच होती. मामांनी तिला पुढे ड्रायव्हरमागची जागा करून दिली.

आलापल्लीनंतर जंगल लागतं, गर्दी ओसरते. हेमलकशाला बाबा आमट्यांनी 1973 मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा इथे रस्ता नव्हता. दवाखाना आधी झाला, रस्ता नंतर आला. तिथून भामरागड अगदी जवळ, आणि मधे पर्लकोटा.

पावसाळ्यात बातम्यांत येतं ते हेच: भामरागडचा संपर्क तुटला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी मागे दाबलं जातं, जुन्या ठेंगण्या पुलावरून जातं आणि बाजारपेठेत शिरतं. तालुक्याचं ठिकाण आहे हे. तहसील, शाळा, दवाखाना सगळं पुराच्या टप्प्यात. एका किराणा दुकानात चहा घेतला. दुकानदार भाऊंनी भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. दर पुराची एक, खडूने वर्ष लिहिलेलं. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्या वर होती. तांदळाच्या कट्ट्यांसाठी त्यांनी छताला लोखंडी माळा टांगला आहे. "जून लागला की मीठ नि साखर वर. बाकी नंतर." शेजारच्या बाईंनी सांगितलं की दिवस भरत आलेल्या बायांना पूर येण्याआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवतात, माहेरघरात. योजनेचं हे नाव किती चांगलं आहे, आणि कामही चांगलं आहे. पण पूल असता तर ती आपल्या घरी राहिली असती, आपल्या आईजवळ.

दुपारी पुलावर गेलो. नदी त्या वेळी गुडघाभर, वाळूत पोरं खेळत होती. जुन्या पुलाशेजारी नव्या उंच पुलाचे खांब उभे आहेत. कठड्याशी उभी राहिले आणि मला आमचा रपटा आठवला, वळून गेलेली एसटी आठवली. माझी एक परीक्षा बुडाली होती. इथे काय काय बुडालं असेल.

मामा खाली कामावरच्या माणसाशी बोलत होते. स्लॅब कधी पडणार, लोखंड कुठून येतं, सगळं विचारून झालं. मग विचारलं, "अन पोचमार्ग?"

"त्याचा भराव नंतर, साहेब. पुलाचं झालं की."

मामांनी मान हलवली, खिशातून वही काढली. शेवटच्या खांबापासून जिथे सध्याचा डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत ते वाळूतून, मग मातीतून, चालत निघाले. ओठ हलत होते. मी चप्पल हातात घेतली आणि मागे गेले.